शून्यं भरायची राहिली

३ मार्च, सोमवार

दिवसभर संगणकासमोर बसणारी बाई कागदाच्या वहीत लिहिते हे ऑफिसात कळलं तर महिनाभर माझी टर उडेल. म्हणून ही वही पर्सच्या आतल्या कप्प्यात राहील. पण मला कागदच बरा वाटतो. फाडला की फाटतो, विषय संपला.

आजपासून लिहायचं कारण म्हणजे मालकीणबाईंनी नवीन काम गळ्यात मारलं. आमची नऊ माणसांची कंपनी ग्रंथालयांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कोणतं पुस्तक कोणत्या फडताळात, कोणी नेलं, कधी आणणार, हे सगळं. त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे, त्यामुळे ठिकठिकाणचे हौशी लोकही त्यात भर घालतात. म्हणजे घालायला बघतात. आमचं सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर उभं करण्यातच बिचाऱ्यांचे चार दिवस जातात आणि पाचव्या दिवशी माणूस गायब होतो. आमच्यातही रोज भांडण. एकाकडे चालतं, दुसऱ्याकडे चालत नाही. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य पुन्हा ऐकू आलं तर मी खुर्ची फेकून मारीन, असं मालकीणबाई आज म्हणाल्या.

उपाय माझ्याकडे. संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक तयार करायचा. वस्तू म्हणून नसलेला, पण कामाला पुरा. त्यात आपलं सगळं बसवून, जोडून, तपासून तो आख्खा एका फाइलीत बंद करायचा. घेणाऱ्याने फाइल घ्यावी, उघडावी, पाच मिनिटांत कामाला लागावं. ऑफिसात त्याचं नाव 'डबा' पडलंय. नाव ठेवणारा अर्थातच आमचा पेन्शनर. हा आमचे सर्व्हर सांभाळतो. वय छत्तीस, आणि तीन वर्षं निवृत्तीच्या गोष्टी करतोय.

डबा शुक्रवारी बाहेर पडला पाहिजे.

५ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून लिहितेय.

धाकटीचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, फोन आला होता. ठरल्याप्रमाणे तिनेच केला, मी कधीच करत नाही. नोकरी कायम झाली म्हणाली! खिडकीला पडदे घेतलेत, पिवळे. आणि गेला आठवडाभर दाराला खुर्ची न लावता झोपतेय. ते तिने सगळ्यात शेवटी, हळूच सांगितलं. मला जिन्यातच रडू फुटलं.

ती कुठल्या गावात आहे ते मी इथेही लिहिणार नाही. मला आणि आईला माहीत आहे, बस. पहिल्यांदा नवऱ्याला सोडून मैत्रिणीकडे गेली तेव्हा त्याने चार दिवसांत शोधून काढलं होतं. मैत्रिणीने एक फोटो कुणाला तरी पाठवला होता, त्या फोटोच्या पोटात लपलेल्या ठिकाणाच्या नोंदीतून त्याने जागा काढली. तिला परत नेलं. त्यानंतरचं मी लिहीत नाही. एवढंच लिहिते की तिच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. ड्रॉवर चुकून बंद झाला, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं. पोलिसांसमोर इतका नम्र वागला की तिथल्या बाईंनी त्याला चहा दिला.

आणि चीड येते ती याची की मला या धंद्यातलं अर्धं त्यानेच शिकवलंय. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात माझ्या शेजारी बसून शिकवायचा. "ताई, तुम्ही हुशार आहात, पण मागचं आवरत नाही," म्हणायचा. तेव्हा आम्ही सगळे हसायचो, धाकटीसुद्धा.

७ मार्च, शुक्रवार

गेला एकदाचा डबा बाहेर!

खरं तर नियम असा की कोऱ्या मशीनपासून सुरुवात करायची. पण कोऱ्यावर सगळं बसवायला दोन दिवस लागले असते. माझं स्वतःचं मशीन, म्हणजे ज्या आतल्या संगणकात मी वर्षभर काम करतेय, ते मात्र तयार होतं. त्यातलं माझं खासगी सगळं डिलीट केलं, नीट, एकेक फोल्डर बघून. मग तेच बंद करून दिलं. शेवटी एक पायरी असते, रिकाम्या जागेत शून्यं भरायची. त्याने फाइल लहान होते. पण त्याला चाळीस मिनिटं लागतात आणि आईला साडेपाचला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. फाइल थोडी जाड राहिली म्हणून कोण मरतंय?

मालकीणबाईंनी घोषणेत माझं नाव टाकायला लावलं. मी उगाच नको नको म्हटलं. मनात गुदगुल्या होत होत्या.

१० मार्च, सोमवार

तीन दिवसांत एकसष्ट जणांनी घेतला. एकाने लिहिलंय, तीनदा सोडून दिलेलं काम अर्ध्या तासात सुरू झालं. एका विद्यापीठाने तर आमची फाइल त्यांच्या साठ्यातही ठेवली, म्हणजे त्यांच्याकडच्या लोकांना लवकर मिळेल. मी ऑफिसात आज चार बोटं उंच चालत होते.

एक सूचनाही आली. कुणी 'वाचक' म्हणून आहे. "सुंदर बांधणी. फक्त फाइल गरजेपेक्षा बरीच मोठी आहे. शून्यं भरायची राहिली वाटतं." किती बारकाईने बघतात लोक! मी आभार मानले, पुढच्या खेपेला नक्की भरीन असं लिहिलं. हसरा चेहराही टाकला.

१२ मार्च, बुधवार



सकाळी पेन्शनर माझ्या टेबलाशी आला. त्याने वाचकाची सूचना वाचली होती. "शून्यं भरली नाहीस?"

"वेळ नव्हता रे. जागाच तर जास्त खाते."

"कोऱ्या मशीनवर बांधलास ना पण?"

मी नकारार्थी मान हलवली.

तो खुर्ची ओढून बसला. थट्टा नाही, काही नाही. "बाई, डिलीट म्हणजे काय होतं, सांग मला."

मला माहीत होतं. मला कायमच माहीत होतं, पण मी त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या वेळेचा विचार करत होते. आपण ग्रंथालयाचंच काम करतो. डिलीट म्हणजे यादीतून पुस्तकाचं नाव खोडणं. पुस्तक फडताळातच असतं, त्यावर दुसरं काही येऊन पडेपर्यंत. शून्यं भरणं म्हणजे ती फडताळं खरोखर रिकामी करणं. मी फडताळं तशीच ठेवून आख्खं ग्रंथालय लोकांना वाटलं.

पेन्शनरने बाहेर गेलेल्या त्या डब्यावर एक साधं साधन चालवलं, कुणालाही मिळणारं. वीस मिनिटांत माझं वर्षभराचं डिलीट केलेलं सगळं वर आलं. विजेचं बिल, रजेचे अर्ज, मालकीणबाईंबद्दल लिहून न पाठवलेली एक मेल. तो त्यावर हसला. मग त्याखालची फाइल उघडली.

आईसाठी लिहिलेलं पत्र होतं. आई जानेवारीत धाकटीकडे एकटी गेली होती. तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी ऑफिसात मोठ्या टायपात लिहून छापून दिलं होतं. गावाचं नाव. बसथांबा. ड्रायक्लीनरच्या दुकानाशेजारची गल्ली, तिसरी इमारत. मागच्या जिन्याने वर जा, दुसरा मजला. घरमालकिणीची बेल बंद आहे, दार वाजव. खाली धाकटीच्या कामाच्या वेळासुद्धा. घरी किती वाजता असते आणि किती वाजता नसते.

पेन्शनरने वाचलं की नाही माहीत नाही. त्याने नजर खिडकीकडे वळवली होती.

१३ मार्च, गुरुवार

डबा मागे घेतला. पानावर "सुधारणा चालू आहे" एवढंच लिहिलं. एकूण डाउनलोड एकशे अठ्ठ्याऐंशी. विद्यापीठाला कळवलंय की तुमची प्रत काढा, अजून उत्तर नाही.

पेन्शनरचं म्हणणं, सरळ सूचना लाव. जुन्या डब्यात खासगी मजकूर राहून गेला आहे, ज्यांनी घेतला त्यांनी नष्ट करावा. आमच्या धंद्यातली ही साधी रीत आहे, चूक झाली की स्वतःहून जाहीर करायची. मीच दुसऱ्यांना हे ऐकवत आलेय.

पण मी काय जाहीर करू? एकशे अठ्ठ्याऐंशी लोकांपैकी एकशे सत्त्याऐंशी जणांना माझ्या विजेच्या बिलात रस नाही. सूचना लावली आणि धाकटीच्या नवऱ्याने ती वाचली, तर शोधायचं कुठे हे मीच त्याला बोट दाखवून सांगितल्यासारखं होईल. तो आमच्या कंपनीचं पान बघत असेल का? मी कुठे काम करते ते त्याला चांगलं ठाऊक आहे. माझं नाव घोषणेत आहे. गुदगुल्या झाल्या होत्या ना मला!

"मग निदान बहिणीला सांग," पेन्शनर म्हणाला.

"सांगणारच आहे."

१४ मार्च, शुक्रवार

सांगितलं नाही. तिचा फोन आला नव्हता. तातडीसाठी तिच्या कामावरचा नंबर आहे माझ्याकडे, पण तिथे फोन करून कशाला सगळ्यांसमोर.

१६ मार्च, रविवार

आज तिचा फोन आला. सव्वीस मिनिटं बोललो. पडदे थोडे आखूड झालेत म्हणाली. घरमालकिणीशी छान जमलंय, तिच्यासोबत बाजारात जाते. "ताई, परवा रस्त्यात मागून कुणीतरी हाक मारली, दुसऱ्याच बाईला, आणि मी दचकले नाही. नंतर लक्षात आलं की मी दचकले नाही."

मी डब्याचा विषय काढला नाही. आठ महिन्यांनी बाईला झोप लागतेय. मी तिला सांगून ती झोप काढून घ्यायची, तीही कशासाठी? एका शक्यतेसाठी. एवढ्या मोठ्या फाइलीत कोण खणत बसणार? पत्र सापडण्यासाठी आधी शोधायला हवं, शोधण्यासाठी आधी संशय यायला हवा. मी कागदावर हिशोब मांडला, शक्यता हजारात एकसुद्धा नाही. आधी विद्यापीठाची प्रत निघू दे, मग शांतपणे सांगीन. उगाच घाबरवण्यात काय अर्थ आहे.

हे सगळं बरोबर आहे. तरी दुपारपासून जेवण जात नाही.

१८ मार्च, मंगळवार

विद्यापीठाने प्रत काढली. तिथून बावीस जणांनी घेतली होती. कोणी, ते त्यांना माहीत नाही.

जीव भांड्यात पडायला हवा होता. नाही पडला, कारण दुपारी मी त्या वाचकाचं पान उघडलं. आतापर्यंत का उघडलं नव्हतं, देव जाणे. खातं नऊ मार्चला काढलेलं. डाउनलोड एक. सूचना एक. त्याआधी काही नाही आणि नंतरही काही नाही.

पेन्शनर म्हणाला, बरेच लोक एका सूचनेपुरतं खातं काढतात. खरं आहे. मी ती सूचना पुन्हा वाचली. मग पुन्हा. 'शून्यं भरायची राहिली वाटतं.' मागचं आवरत नाही. एकदा ते दोन आवाज माझ्या डोक्यात एक झाले ते झालेच. मी त्याचे आभार मानलेत. हसरा चेहरा टाकलाय.

फाइल मोठी का, हे ज्याला कळलं, त्याला आत काय राहिलं असेल हेही कळतं. हे कळायला मला आठ दिवस लागले.

घरी येताना दोनदा मागे वळून बघितलं. मला कशाची भीती? माझा पत्ता तर त्याच्याकडे लग्नापासून आहे.

१९ मार्च, बुधवार

सकाळी आईने ताट माझ्यासमोरून उचललं. "चार दिवस बघतेय. अन्न चिवडतेस. काय झालंय ते सांग, नाहीतर मी ऑफिसात फोन करते."

सांगितलं. डबा, शून्यं यातलं तिला काही कळणार नाही असं वाटलं होतं. तिने एकच विचारलं. "तू मला छापून दिलेला कागद मी तिकडून आल्यावर जाळला. तो अजून आहे म्हणतेस?"

"हो."

"आणि कोणाकोणाकडे आहे ते माहीत नाही."

"नाही."

"धाकटीला कधी सांगितलंस?"

मी सांगायला लागले की तिला आत्ता कुठे झोप लागतेय, तिची झोप मोडवत नाही. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिची झोप मोडायची भीती वाटते, की तिच्या तोंडून ऐकून घ्यायची?"

माझी आई कधी असं बोलत नाही. मी रागाने उठून मोरीत गेले. तोंड धुतलं. बाहेर आले तर आई फोन हातात घेऊन उभी होती. मी धाकटीच्या कामावरचा नंबर फिरवला.

वाटलं होतं ती रडेल, चिडेल. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर विचारलं, "कामाच्या वेळा होत्या त्यात?"

"हो."

"कधी कळलं तुला?"

खोटं बोलायचं मनात आलं. आलं, लिहून ठेवते. "गेल्या बुधवारी."

फोनवर त्यांच्या कामाच्या जागेचा आवाज येत होता, कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. "रविवारी आपण अर्धा तास पडद्यांवर बोललो, ताई," ती म्हणाली. मग म्हणाली, "ठेवते. मला जायला हवं." कामावर परत नव्हे, गाव सोडून जायचं म्हणत होती ती, हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

२० मार्च, गुरुवार

तिचा फोन नाही. कामावर केला तर म्हणाले, कालच सोडून गेली, सामानाची एकच पिशवी होती.

मी ऑफिसात गेल्या गेल्या जाहीर सूचना लावली. काय राहिलं, का राहिलं, कोणाच्या हलगर्जीपणाने राहिलं, सगळं माझ्या नावानिशी. पत्राचा मजकूर तेवढा लिहिला नाही. मालकीणबाईंनी वाचून दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आठ दिवस दाबून ठेवलंस हे?" त्यांना बहिणीबद्दल काहीच माहीत नव्हतं. आता सांगितलं. सतरा जणांनी कळवलंय की त्यांनी डबा पुसून टाकला. वाचकाने काही कळवलेलं नाही.

डोळ्यांसमोर एकच येतं. एक पिशवी. पिवळे पडदे तिथेच राहिले असतील.

२२ मार्च, शनिवार

दुपारी तीनला अनोळखी नंबरवरून फोन आला. धाकटी होती. मी "कशी आहेस" म्हणते तोवर तिने बोलायला सुरुवात केली. आवाज अगदी सपाट. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा.

काल तिने घरमालकिणीला फोन केला होता, उरलेल्या सामानाचं विचारायला. तेव्हा कळलं की काल सकाळीच एक गृहस्थ येऊन गेले. मागच्या जिन्याने आले. सभ्य, इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. घरमालकिणीला नवल याचं वाटलं की बेल असताना त्यांनी दार वाजवलं. ती तसं बोलली, तर हसून म्हणाले, "तुमची बेल बंद असते ना."

"बेल फेब्रुवारीतच दुरुस्त झालीये, ताई," धाकटी म्हणाली.

मी खाली फरशीवरच बसले. ज्या वेळेला तो आला ती तिची घरी असण्याची वेळ होती. पत्रात मीच लिहिली होती. बुधवारी आईने ताट उचललं नसतं तर मी अजून विचारच करत बसले असते, हे मला माहीत आहे आणि तिलाही.

"तू ठीक आहेस ना? जागा बरी आहे? कुठे आहेस?" मी एका दमात विचारलं.

मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"तुला नाही सांगणार."

"अगं, फोनवर नको सांगू. मी येते कुठेतरी, आपण..."

"ताई. फोनवर नाही, कागदावर नाही, कशावरच नाही. मला तुझा राग आहे, पण त्यासाठी नाही म्हणत. तू मुद्दाम करणार नाहीस हे मला माहीत आहे. मुद्दाम नाही केलंस तरी तो दारात आला." मग आवाज थोडा हलला तिचा. "मी महिन्यातून एकदा करीन फोन. नंबर दर वेळी वेगळा असेल. आईचे डोळे कसे आहेत?"

मी म्हटलं बरे आहेत, थेंब चालू आहेत. तिने विचारलं थेंब दिवसातून किती वेळा. मी सांगितलं तीन वेळा. मला आणखी शंभर गोष्टी विचारायच्या होत्या, पण प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात जागेचा काही ना काही पत्ता येणार होता. तिथे थंडी आहे का, खिडकीतून काय दिसतं, काम काय मिळालं. मी एकही विचारला नाही. जेवलीस का एवढंच विचारलं. हो म्हणाली.

फोन ठेवला तर आई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"कुठे आहे?"

"माहीत नाही."

"मला नाही सांगितलंस तरी चालेल. तुला तरी सांगितलंय ना?"

"नाही, आई. मलाही नाही."

आईने चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिली. "बरं केलं तिने," म्हणाली. मग माझ्याकडे न बघता आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.